जत्रेतल्या चित्रपट-पुस्तिका : परवानगी कुठे लागते, कुठे लागत नाही

नळदुर्ग : पौष पौर्णिमेला नळदुर्गजवळ मैलारपूर येथे खंडोबाची यात्रा भरते. बोरी नदीकाठचा किल्ला, त्यातील पाणीमहाल आणि नर-मादी धबधबे पाहण्यासाठी सोलापूर-हैदराबाद महामार्गावरून वर्षभर पर्यटक येतात. पण यात्रेची गर्दी वेगळी. मराठवाड्यातील कोणत्याही मोठ्या यात्रेप्रमाणे इथेही भंडारा-खोबऱ्याच्या, बांगड्यांच्या आणि खेळण्यांच्या दुकानांच्या रांगेत पुस्तकांची एखादी पथारी असायचीच. आरतीसंग्रह, व्रतकथा, पंचांग आणि त्यांच्या शेजारी गाजलेल्या चित्रपटांच्या गाण्यांच्या पातळ पुस्तिका. वर नायक-नायिकेचे रंगीत छायाचित्र, आत न्यूजप्रिंटवर छापलेली गाणी आणि मध्यभागी मारलेल्या दोन पिना, एवढाच त्यांचा थाट.

या पुस्तिका छापणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी चित्रपटनिर्मात्याची वा गीतकाराची परवानगी घेतलेली असे. आज मोबाइलमुळे गाण्यांच्या पुस्तिकांची सद्दी संपली आहे. मात्र लोकप्रिय चित्रपट, मालिका आणि कलाकार यांच्यावर परवानगीविना पुस्तक काढण्याचा व्यवसाय संपलेला नाही. त्याचे रूप बदलले आहे. प्रश्नमंजूषा, मालिकेची 'संपूर्ण माहिती', कलाकाराचे चरित्र, पात्रांचा कोश अशी पुस्तके जगभर निघतात. त्यांतील कोणती कायद्यात बसतात आणि कोणती बसत नाहीत, याविषयी छोट्या प्रकाशकांत दोन टोकांचे गैरसमज आढळतात. 'बाजारात आले की ते सर्वांचे' हा एक आणि 'परवानगीशिवाय चित्रपटाचे नावही छापता येत नाही' हा दुसरा. दोन्ही चुकीचे आहेत. कायद्याने आखलेली रेषा तशी साधी आहे : दुसऱ्याची कलाकृती छापायची असेल तर परवानगी हवी, त्या कलाकृतीविषयी स्वतःचे काही लिहायचे असेल तर बहुधा नको.

अधिकृत पुस्तिकेपासून सुरुवात

गाण्यांची पुस्तिका ही मुळात चोरटी वस्तू नव्हती. बोलपट सुरू झाल्यापासून चित्रसंस्था स्वतःच अशा पुस्तिका छापत. 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट १९३२ साली प्रदर्शित झाला. तो काढणाऱ्या 'प्रभात'सह बहुतेक संस्थांच्या पुस्तिका चित्रपटगृहात काही आण्यांना मिळत. त्यांत कलावंतांची नामावली, कथासार आणि गाणी असत. कथासार ऐन उत्कंठेच्या जागी तोडून पुढचा भाग पडद्यावर पाहा, असे सांगण्याची प्रथा होती. या जुन्या पुस्तिका आज चित्रपट-इतिहासाचे मोलाचे साधन मानल्या जातात. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने त्यांचा मोठा साठा जपला आहे. हे संग्रहालय आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे.

चित्रपटगृहातील अधिकृत पुस्तिका तालुक्याच्या बाजारापर्यंत किंवा यात्रेपर्यंत पोहोचत नसे. ती पोकळी छोट्या मुद्रकांनी भरून काढली. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके छापणाऱ्या ट्रेडल यंत्रावर मधल्या वेळात आठ-सोळा पानांची पुस्तिका सहज निघे. गाणी रेडिओवर ऐकून उतरवलेली असल्याने त्यांत चुकाही भरपूर असत. तरी अनेक घरांत शाळेच्या पुस्तकांपलीकडचे पहिले छापील वाचन या पुस्तिकांनीच पुरवले, ही गोष्ट नाकारता येणार नाही. पण सामाजिक उपयोग आणि कायदेशीर हक्क या दोन वेगळ्या बाबी आहेत.

गाणे आणि छायाचित्र : इथे सूट नाही

स्वामित्वहक्क कायदा, म्हणजेच रूढ भाषेत कॉपीराइट कायदा, १९५७ सालचा आहे. त्यानुसार चित्रपटगीताचे शब्द ही एक स्वतंत्र साहित्यकृती आहे. ती पूर्ण छापणे, भाषांतरित करून छापणे किंवा छापलेली पुस्तिका विकणे यासाठी हक्कधारकाची संमती आवश्यक असते. खाली गीतकाराचे नाव दिले म्हणून ही गरज संपत नाही. श्रेयनिर्देश ही सभ्यता आहे. तो परवानगीचा पर्याय नव्हे.

छायाचित्राबाबतही बहुतेकांची फसगत होते. कायद्याच्या १४व्या कलमात चित्रपटाच्या प्रतीची व्याप्ती सांगताना चित्रपटातील कोणत्याही दृश्याच्या छायाचित्राचा स्पष्ट समावेश केला आहे. त्यामुळे मुखपृष्ठावर चित्रपटातील वा मालिकेतील एक चौकट उचलून छापणे हाही हक्कभंग ठरू शकतो. आतील मजकूर शंभर टक्के स्वतःचा असला तरी मुखपृष्ठामुळे प्रकाशक अडचणीत येतो, तो असा.

उचित वापराची मुभा ५२व्या कलमात आहे. खासगी अभ्यास व संशोधन, समीक्षा किंवा परीक्षण आणि चालू घडामोडींचे वार्तांकन यांसाठी मूळ कलाकृतीचा आवश्यक तेवढा भाग वापरता येतो. गीताच्या रचनेची चर्चा करताना त्यातील एखादी ओळ उद्धृत करणारा समीक्षक या मुभेत बसतो. शंभर गाणी एकापुढे एक छापून वर दोन परिच्छेदांची प्रस्तावना जोडणारा बसत नाही.

मुदत संपते, पण एकाच वेळी नाही

स्वामित्वहक्क कायमचा नसतो. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. गीत, कथा, कादंबरी यांचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. या दोन नियमांतील फरक छोट्या प्रकाशकाने नीट समजून घ्यायला हवा.

'प्रभात'च्या 'संत तुकाराम' या १९३६ सालच्या चित्रपटाचे उदाहरण बोलके आहे. चित्रपट म्हणून त्याची मुदत केव्हाच संपली. त्यातील तुकोबांचे अभंग तर सतराव्या शतकातले. ते कोणीही छापावेत. पण याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी तुकोबांच्या वळणाने लिहिलेली रचना इतकी जमून आली, की अनेकांना ती संतरचनाच वाटली. आठवले यांचे निधन १९७५ साली झाले. त्यामुळे त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३५ च्या अखेरीपर्यंत टिकतो. चित्रपट मोकळा, संतांचे अभंग मोकळे, पण त्याच चित्रपटातील एक गाणे मात्र नाही, अशी ही स्थिती आहे. ग. दि. माडगूळकर यांचे निधन १९७७ साली झाले. त्यांच्या गीतांसाठी हीच मर्यादा २०३७ च्या अखेरीची आहे. 'जुने गाणे आहे, कोण विचारतो' हे गणित म्हणूनच धोक्याचे ठरते.

कल्पना कोणाचीच मालमत्ता नाही

आता रेषेची दुसरी बाजू. 'हम हिंदुस्तानी' या नाटकावरून 'न्यू दिल्ली' (१९५६) हा चित्रपट बेतल्याची तक्रार नाटककार आर. जी. आनंद यांनी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दिलेला त्यावरील निकाल आजही पायाभूत मानला जातो. कल्पना, विषय, कथासूत्र, ऐतिहासिक किंवा पौराणिक घटना यांवर स्वामित्वहक्क नसतो. ती कल्पना ज्या विशिष्ट रूपात मांडली त्या रूपावर असतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

दूरचित्रवाणी मालिकेबाबतही असा वाद झाला आहे. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' या मालिकेची आठवण करून देणाऱ्या एका जाहिरातीविरुद्ध 'स्टार इंडिया'ने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली होती. जाहिरात स्वतंत्रपणे चित्रित केलेली असल्याने ती मालिकेची प्रत ठरत नाही, अशी भूमिका घेत न्यायालयाने २००३ साली मनाई आदेश नाकारला.

शीर्षकाचेही तसेच. केवळ चित्रपटाच्या नावावर स्वामित्वहक्क सांगता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 'देसी बॉइज' चित्रपटासंबंधीच्या प्रकरणात २०१५ साली स्पष्ट केले. मात्र तेच नाव व्यापारचिन्ह म्हणून संरक्षित असू शकते. 'शोले' या नावाच्या व्यापारी वापराबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ साली प्रतिवादींना २५ लाख रुपये भरण्यास सांगितले, ते याच कारणाने. म्हणजे 'शोले'विषयी पुस्तक लिहिता येते आणि त्यात ते नावही येणारच. पण हे पुस्तक निर्मात्यांनीच काढले आहे असा वाचकाचा समज होईल, अशा रीतीने ते नाव वापरता येत नाही.

देव सर्वांचा, मालिका वाहिनीची

नळदुर्ग-अणदूर परिसराला हा भेद सहज उमजेल असे उदाहरण घरचेच आहे. 'झी मराठी'वर मे २०१४ ते एप्रिल २०१७ या काळात 'जय मल्हार' ही खंडोबावरील मालिका गाजली. 'कोठारे व्हिजन'ची ही निर्मिती होती आणि देवदत्त नागे यांनी खंडोबाची भूमिका केली होती.

समजा, एखाद्या स्थानिक मुद्रकाने यात्रेसाठी खंडोबाची कथा सांगणारी पुस्तिका काढली. 'मल्हारी माहात्म्य', मणी-मल्ल दैत्यांच्या वधाची कथा, म्हाळसा आणि बाणाई यांच्या परंपरागत कथा, वाघ्या-मुरळीची पारंपरिक गाणी ही साऱ्या समाजाची ठेव आहे. मालिकेने ती पडद्यावर आणली म्हणून तिच्यावर वाहिनीचा मक्ता होत नाही. मालिका लोकप्रिय असताना, त्या लोकप्रियतेचा लाभ होईल या अपेक्षेने अशी पुस्तिका काढणेही गैर नाही. मात्र मालिकेसाठी नव्याने लिहिलेले संवाद, पटकथेतील नव्याने रचलेले प्रसंग, शीर्षकगीत, मालिकेतील दृश्यांची छायाचित्रे आणि तिचे बोधचिन्ह ही निर्मात्यांची मालमत्ता आहे. मुखपृष्ठावर नट छापायचा की परंपरागत चित्रातील देव, हा प्रश्न वरवर सजावटीचा वाटतो. कायद्याच्या दृष्टीने पुस्तिकेचे भवितव्यच त्यावर ठरू शकते.

यात एक सावधगिरी हवी. लोकगीत म्हणून गायले जाणारे प्रत्येक गाणे पारंपरिक असतेच असे नाही. अनेक लोकप्रिय भक्तिगीतांना ज्ञात कवी आहेत आणि त्यांच्या हक्कांची मुदत सरलेली नाही. 'पारंपरिक' असा शिक्का मारण्यापूर्वी कवीचा शोध घेणे ही प्रकाशकाचीच जबाबदारी आहे.

कोश, प्रश्नमंजूषा आणि 'गाइड'

चाहत्यांसाठी निघणाऱ्या अनधिकृत पुस्तकांत सर्वाधिक गाजलेला खटला अमेरिकेतला आहे. हॅरी पॉटरच्या जगातील व्यक्ती, स्थळे, मंत्र यांचा अकारविल्हे कोश ग्रंथपाल स्टीव्हन व्हँडर आर्क यांनी तयार केला होता. मिशिगन राज्यातील 'आरडीआर बुक्स' ही छोटी संस्था तो छापणार होती. लेखिका जे. के. रोलिंग आणि चित्रपटांची निर्माती 'वॉर्नर ब्रदर्स' यांनी दावा लावला. सप्टेंबर २००८ मध्ये न्यायालयाने त्या स्वरूपातील कोश रोखला आणि ६,७५० डॉलरची भरपाई ठरवली. मात्र असे संदर्भकोश काढण्याचा अधिकार फक्त मूळ लेखिकेला आहे, हे न्यायालयाने मान्य केले नाही. दोष कोश काढण्यात नव्हता. लेखिकेचीच वाक्ये गरजेपेक्षा जास्त उचलण्यात होता. व्हँडर आर्क यांनी मजकूर सुधारला, स्वतःचे भाष्य वाढवले आणि २००९ च्या जानेवारीत तेच पुस्तक नव्या रूपात बाजारात आले. शीर्षकातच ते 'अनधिकृत' असल्याचे नमूद केले होते.

प्रश्नमंजूषेचा खटला त्याहून जुना. 'साइनफेल्ड' या विनोदी मालिकेवर ६४३ प्रश्नांचे पुस्तक काढणाऱ्या 'कॅरोल पब्लिशिंग'विरुद्ध १९९८ साली अमेरिकी अपील न्यायालयाने निकाल दिला. प्रश्नांतील 'तथ्ये' ही जगातील तथ्ये नसून मालिकालेखकांनी रचलेली काल्पनिक सामग्री आहे, असे न्यायालयाने म्हटले.

परदेशी निकाल भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नसतात; तरी विचाराची दिशा त्यांतून कळते. 'कौन बनेगा करोडपती' जुलै २००० मध्ये सुरू झाले आणि सामान्यज्ञानाच्या प्रश्नोत्तरांच्या पुस्तकांना एकाएकी मागणी आली. भारताची सर्वांत लांब नदी कोणती, हा प्रश्न कोणीही छापू शकतो. ते जगातील तथ्य आहे. मात्र कार्यक्रमाचे बोधचिन्ह किंवा सूत्रसंचालकाचे छायाचित्र मुखपृष्ठावर घेणे हा वेगळा मामला आहे. अमिताभ बच्चन यांचे नाव, आवाज आणि प्रतिमा यांचा परवानगीविना व्यापारी वापर करण्यास दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये मनाई केली.

भारतातील सर्वांत उपयुक्त दाखला शालेय 'गाइड'चा आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाने गणिताच्या पाठ्यपुस्तकावरील गाइडविरुद्ध दावा केला होता. गाइडमध्ये उदाहरणे सोडवण्याच्या पायऱ्या दिल्या होत्या, ज्या मूळ पुस्तकात नव्हत्या. अशा भर घालणाऱ्या पुस्तकाचा हेतूच वेगळा असतो, म्हणून तो हक्कभंग नव्हे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ साली म्हटले. चित्रपट वा मालिकेवरील मार्गदर्शक पुस्तकालाही हीच कसोटी लावून पाहता येईल : मूळ कृतीत नसलेले असे काय या पुस्तकाने दिले?

याउलट, उसन्या पात्रावर नवी कथा रचणे जोखमीचे असते. हॅरी पॉटरला कोलकात्यात आणणारे एक बंगाली पुस्तक २००३ साली निघाले होते. नोटीस येताच प्रकाशकाने ते मागे घेतले.

कलाकाराचे चरित्र

गाजलेल्या नटनट्यांची चरित्रे हा छोट्या प्रकाशकांचा आणखी एक हातखंडा. त्यासाठी प्रत्येक वेळी परवानगी लागते, हा समज खरा नाही. आर. राजगोपाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली याविषयी तत्त्व घालून दिले. सार्वजनिक नोंदींत उपलब्ध असलेल्या माहितीच्या आधारे एखाद्या व्यक्तीविषयी तिच्या संमतीविना लिहिता येते. त्या नोंदींपलीकडे जाऊन खासगी आयुष्य उघड केले किंवा बदनामी केली, तर लेखक-प्रकाशक जबाबदार ठरतात. कोल्हापूरचे इसाक मुजावर यांच्यासारख्या अभ्यासकांनी मराठीत चित्रपटविषयक लेखनाची मोठी परंपरा उभी केली, ती अभ्यासाच्या बळावर.

दंड कोणाला, किती

जाणूनबुजून हक्कभंग केल्यास किमान ६ महिने ते कमाल ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद ६३व्या कलमात आहे. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये 'निट प्रो' प्रकरणात स्पष्ट केले. पोलिसांना वॉरंटशिवाय प्रती जप्त करण्याचा अधिकार आहे. बेकायदा प्रतींची विक्री हाही हक्कभंगच असल्याने मुद्रक, प्रकाशक आणि विक्रेता या साखळीतील कोणालाही त्याची झळ पोहोचू शकते.

खरा अन्याय इथेच संभवतो. मोठ्या प्रकाशनसंस्थेकडे वकील असतो. नोटिशीला उत्तर देता येते. तालुक्याच्या गावातील मुद्रकाकडे तो नसतो. त्याने काढलेली पुस्तिका कायद्यात बसत असली तरी एका नोटिशीने तो गठ्ठे रद्दीत घालून मोकळा होतो. न्यायालयापर्यंत न जाताच कायदेशीर पुस्तके अशी नाहीशी होतात आणि त्यांची कुठे नोंदही राहत नाही. दुसरीकडे ज्या गीतकाराच्या शब्दांवर पुस्तिका खपते, त्याला त्यातून एक पैसाही मिळत नाही, हीसुद्धा तितकीच खरी बाजू आहे. गीतकार व संगीतकारांच्या मानधनाचा हक्क भक्कम करण्यासाठी २०१२ साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली, त्यामागे हीच उपेक्षा होती.

'अनधिकृत' हा कमीपणा नव्हे

कानपूरचे हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी सिद्ध केलेला 'हिंदी फिल्म गीत कोश' या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. बँकेतील नोकरी सांभाळून या गृहस्थाने एकेका दशकातील हिंदी चित्रपट, त्यांतील गाणी, गायक, गीतकार, संगीतकार यांच्या सूची तयार केल्या आणि १९८० च्या दशकापासून त्यांचे खंड काढले. गाणी पूर्ण छापण्यावर त्यांचा भर नव्हता. कोणते गाणे कोणत्या चित्रपटातील आणि ते कोणी लिहिले, कोणी गायले, ही माहिती होती. कोणत्याही निर्मितीसंस्थेचा हा अधिकृत प्रकल्प नव्हता. तरीही अभ्यासक, संग्राहक आणि आकाशवाणीचे निवेदक यांच्यासाठी तो प्रमाणग्रंथ ठरला.

छोट्या प्रकाशकाने एखादे पुस्तक हाती घेताना काही गोष्टी तपासल्या, तर बहुतेक धोके टळतात. मजकुरातील शब्द स्वतःचे आहेत का? उद्धृते चर्चेसाठी आवश्यक तेवढीच आहेत का? छायाचित्रांचा हक्क कोणाकडे आहे? गीतकाराच्या निधनाला ६० वर्षे उलटली आहेत का? मुखपृष्ठ पाहून पुस्तक अधिकृत असल्याचा भास होतो का? तसा भास टाळण्यासाठी 'या पुस्तकाचा निर्मात्यांशी संबंध नाही' अशी ठळक ओळ छापणे हिताचे. ती ओळ चोरलेल्या मजकुराला वाचवत नाही, पण प्रामाणिक पुस्तकाविषयीचा गैरसमज दूर करते. शिवाय १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि अन्य नियत ग्रंथालयांकडे पाठवायची असते. ती पाठवली तर जत्रेतील पुस्तिकाही पुढच्या पिढीच्या अभ्यासकाला सापडेल.

गाण्यांची पुस्तिका आता यात्रेत परतणार नाही, कारण तिचे काम मोबाइलने संपवले. पण खंडोबाच्या कथा, या भागातील वाघ्या-मुरळी आणि नळदुर्गचा किल्ला यांवर गावातच लिहिलेली, नीट तपासलेली पुस्तिका मोबाइल देऊ शकत नाही. ती काढायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. स्वतः माहिती जमवून स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची तयारी तेवढी हवी.